पाऊस, खाडी आणि शिंपल्यांचा वंश : प्रस्तावना

समुद्रावरचे पुस्तक छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, तयार व्हावे, याचे कुणालाही नवल वाटेल. मुंबईचा किनारा इथून रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, रत्नागिरी त्याहून लांब. पाण्याची बातमी म्हणजे आमच्याकडे जायकवाडी धरणात किती टक्के साठा उरला ही. असे असूनही पश्चिम किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचा वंश कसा वाढतो, याविषयी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे संशोधन झाले, त्यातला ठळक वाटा याच शहरातल्या विद्यापीठाचा आहे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. तिथल्या प्राणिशास्त्र विभागात आर. नागभूषणम आणि यू. एच. माने यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सत्तरच्या दशकात रत्नागिरीच्या आसपासचे शिंपले अभ्यासायला घेतले. काळबादेवीच्या खाडीतल्या वाळूचिखलात राहणारे शिंपले, मिऱ्याच्या पुळणीतले छोटे शिंपले, खडकाला चिकटलेली कालवे, हिरवे शिनाणे यांच्या वाढीवर आणि प्रजननावर या मंडळींचे निबंध एकामागून एक प्रसिद्ध होत गेले.

त्या संशोधकांच्या डोळ्यांपुढे हवामानबदल नव्हता. त्यांचे प्रश्न साधे होते. कोणत्या महिन्यात जननग्रंथी भरते, ती कधी रिकामी होते, त्या वेळी खाडीतले पाणी किती खारट आणि किती उबदार असते, अंगातले ग्लायकोजेन, प्रथिने आणि स्निग्धांश कसे चढउतरतात. उत्तरे मिळाली, पदव्या मिळाल्या, प्रबंध कपाटात गेले. आता मात्र त्या कोष्टकांना त्यांच्या कर्त्यांनी कल्पनाही केली नसेल असे मोल आले आहे. बदल मोजायचा तर आधी काय होते ते ठाऊक हवे. आणि कोकणातल्या शिंपल्यांचे ‘आधी’ बऱ्याच अंशी मराठवाड्यातल्या कपाटांत आहे. या संग्रहाचा सारा खटाटोप त्या नोंदींची आजच्या सागरविज्ञानाशी गाठ घालून देण्याचा आहे.

विषयाला नवख्या असलेल्या वाचकासाठी सुरुवात प्राण्यापासूनच केलेली बरी. तिसऱ्या, खुबे, मुळे, कालवे, शिनाणे अशी किनाऱ्यावर गावोगाव बदलणारी नावे असलेले हे सगळे दोन झडपांचे मऊ प्राणी. बहुतेक सागरी शिंपल्यांत नरमादीचा समागम असा नसतोच. नर शुक्राणू पाण्यात सोडतो, मादी अंडी सोडते, आणि गाठ पडायची ती उघड्या पाण्यात पडते. म्हणून वेळ साधणे हा जिवंत राहण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न. एकाने सोडले की पाण्यातल्या त्या खुणेवर शेजारचेही सोडू लागतात, आणि बघता बघता सगळी वस्ती रिकामी होते. कालवाची मोठी मादी एका हंगामात लाखो, प्रसंगी कोट्यवधी अंडी सोडते. एवढी उधळपट्टी लागते, कारण त्यातली फारच थोडी तग धरतात. कालवांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. पुष्कळ कालवे आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतात आणि पुढे अंगात साठा झाला की मादी होतात. अंडे घडवायला शुक्राणूपेक्षा कितीतरी अधिक ऐवज लागतो, हे लक्षात घेतले की हा बदल चमत्कारिक वाटेनासा होतो.

फलित अंडे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे. उबदार पाण्यात तासाभरात त्याचे पहिले विभाजन होते, काही तासांत केसाळ गोळा गरगर फिरू लागतो, आणि साधारण एक ते दोन दिवसांत इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची, दोन चिमुकल्या झडपा असलेली अळी तयार होते. या पुस्तकाच्या जवळपास निम्म्या मजकुराचा रोख या दोन दिवसांवर आहे. या अवधीत अळीला खाता येत नाही. आईने अंड्यात बांधून दिलेली स्निग्धांशाची शिदोरी, तेवढ्यावर तिला पहिले कवच उभारायचे असते. ते कवच अरागोनाइटचे असते. कॅल्शियम कार्बोनेटचे हे रूप कॅल्साइटपेक्षा पाण्यात सहज विरघळते. त्यात कवच बांधण्याची घाई विलक्षण. दोन दिवसांच्या अळीच्या वजनाचा बहुतांश भाग कवचाचाच असतो. भोवतालच्या पाण्यात कार्बोनेटची चणचण असेल तर तेच काम करायला अधिक ऊर्जा खर्ची पडते आणि शिदोरी वाटेतच संपते. अळी मरते, नाहीतर वेडीवाकडी वाढते. ज्या तरतात त्या आणखी दोन-तीन आठवडे तरंगत खातात, मग पाय काढून तळ चाचपतात आणि जागा पसंत पडली की बसतात. ही बसलेली पिल्ले म्हणजेच कालवपालनातले बी, शेतीतल्या बीसारखे.

या सगळ्याचा अभ्यास कसा उभा राहिला? अमेरिकेत विल्यम ब्रुक्स यांनी १८७९ च्या सुमारास चेसापीक उपसागराकाठी कालवांची अंडी भांड्यात फलित करून दाखवली, तेव्हापासून अळीचे जीवन सूक्ष्मदर्शकाखाली आले. १९२० मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑर्टन यांनी मांडले की सागरी प्राण्यांच्या प्रजननाची वेळ पाण्याचे तापमान ठरवते. युरोपच्या थंड समुद्रात हे इतके चपखल बसले की तो जणू नियमच झाला. १९५० मध्ये डेन्मार्कच्या थॉर्सन यांनी तळावरच्या प्राण्यांच्या अळ्यांचा प्रचंड आढावा घेतला आणि वस्ती वाढेल की घटेल याचा निकाल प्रौढांपेक्षा अळ्यांच्या अवस्थेत लागतो, ही दृष्टी रुजवली. कनेटिकटमधल्या मिलफर्डच्या प्रयोगशाळेत लूसानॉफ आणि डेव्हिस यांनी पाणी तापवून भर हिवाळ्यात शिंपल्यांकडून अंडी सोडवून घेतली. त्यांची १९६३ ची संगोपनपद्धती जगभरच्या बीजशाळांची पोथी बनली.

भारतातला धागा निराळा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात काम करणाऱ्या जेम्स हॉर्नेल यांनी कालवे, शंख आणि मोत्यांचे शिंपले यांवर विपुल लिहिले. मुंबईत पी. आर. आवटी आणि एच. एस. राय यांनी १९३१ साली मुंबईच्या खडकावरील कालवावर एक सविस्तर पुस्तिका सिद्ध केली. राय यांनीच पुढे मुंबई इलाख्यातल्या शिंपल्यांच्या मासेमारीचा आढावाही घेतला. पण खरा वाद पेटला तो मद्रासकडे. १९३९ मध्ये पणिक्कर आणि अय्यर यांनी मद्रासच्या निमखाऱ्या पाण्यातल्या प्राण्यांची निरीक्षणे मांडली आणि उष्ण प्रदेशात पुष्कळ प्राण्यांचे प्रजनन बारमाही चालते, असे सुचवले. तापमान वर्षभर जवळपास सारखेच असेल तर ऑर्टन यांचा नियम इथे काय कामाचा? मग इथले घड्याळ कोणते?

पश्चिम किनाऱ्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर एका शब्दाचे आहे: पाऊस. कोकणात वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उन्हाळ्यात जवळजवळ समुद्राइतकी, म्हणजे हजारी ३५ च्या आसपास क्षारता असलेली खाडी जुलैत पुराबरोबर जवळपास गोडी होऊन जाते. जगात फार थोड्या किनाऱ्यांवर इतक्या थोड्या दिवसांत इतका मोठा फेर होतो. पालघरजवळच्या केळव्याच्या खाडीत व्ही. एस. दुर्वे यांनी, आणि त्यांच्याबरोबर मुंबईच्या विज्ञान संस्थेचे डी. व्ही. बाळ यांनी, साठच्या दशकात कालवांचा जो अभ्यास केला त्यात पावसाचा हा हात स्पष्ट दिसला. रत्नागिरीत औरंगाबादच्या मंडळींनी तोच प्रश्न अनेक जातींना एकाच वेळी विचारला. एकाच खाडीत, एकाच पावसात वेगवेगळ्या जाती वेगवेगळा मुहूर्त धरतात. कुणी पाणी गोडे होऊ लागताच अंडी सोडते, तर कुणी पावसाळा ओसरून क्षारता वर चढण्याची वाट पाहते. मला या साऱ्या परंपरेतले हे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण वाटते. ‘शिंपल्यांवर हवामानबदलाचा परिणाम’ असे एकवचनी वाक्य त्यानंतर कुणी लिहू नये.

नागभूषणम यांच्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण आजच्या विद्यार्थ्यांना ते नाव शोधनिबंधांच्या तळटीपांपलीकडे ठाऊक नसते. ते मूळचे आंध्रातल्या वॉल्टेअरच्या, म्हणजे विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठाच्या, परंपरेतले. पी. एन. गणपती यांच्यासमवेत त्यांनी विशाखापट्टणमच्या बंदरातल्या लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्यांवर काम केले होते. अमेरिकेतल्या टुलेन विद्यापीठाच्या मिल्टन फिंगरमन यांच्याशी त्यांचे संशोधन-संपादनाचे सहकार्य दीर्घकाळ टिकले, आणि तिथला विषय होता खेकडे-कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यांची संप्रेरके. या दोन्ही गोष्टी त्यांनी इथे एकत्र आणल्या. त्यामुळे औरंगाबादच्या अभ्यासाला बाहेरचे पाणी आणि आतली संप्रेरके अशी दोन्ही अंगे लाभली. पाऊस पडला हे शिंपल्याच्या जननग्रंथीला कोण सांगते, त्याच्या मज्जागुच्छातल्या स्रावी पेशींचा त्यात काय वाटा, हे प्रश्न इथे विचारले गेले. किनाऱ्यावरच्या संस्थांचे लक्ष साहजिकच उत्पादनाकडे होते. समुद्रापासून दूर असण्याचा हा एक अनपेक्षित फायदा म्हणायचा.

दूरपणाचा तोटाही झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. अळ्या वाढवायला ताजे समुद्रपाणी लागते, रोजच्या रोज शेवाळाचा खुराक लागतो. पठारावर ते जमण्यासारखे नव्हते. म्हणून प्रौढ शिंपल्यांच्या जननग्रंथीचे छेद भरपूर आणि जिवंत अळ्यांची निरीक्षणे थोडी, असा या परंपरेचा तोल राहिला. ती उणीव दक्षिणेने भरून काढली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतिकोरिन केंद्रात के. अलगरस्वामी यांनी १९७३ साली संवर्धित मोती मिळवला, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीस त्याच केंद्राने मोत्याच्या शिंपल्याचे बी प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत कासिम, परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तराफ्यांखाली दोर सोडून शिनाणे वाढवले. रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आणि शिरगावचे मत्स्य महाविद्यालय यांनी कोकणात ही विद्या टिकवली. गोषवाऱ्यापुरते सांगायचे तर तापमानाला राजा मानणारे, क्षारतेला मानणारे, शरीरातल्या साठ्याला आणि संप्रेरकांना मानणारे आणि बीजशाळेतून विचार करणारे असे चार घराण्यांचे लोक या क्षेत्रात वावरत आले. भांडण फार झाले नाही, कारण ते एकमेकांचे निबंध क्वचितच वाचत.

पाचवे घराणे आले ते रसायनशास्त्राच्या दारातून. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत २८० होता, आता तो ४२० च्या वर गेला आहे. माणसाने सोडलेल्या या वायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. पाण्यात त्याचे कार्बोनिक आम्ल होते, सामू (पीएच) खाली येतो आणि कवचाला लागणारे कार्बोनेट कमी होते. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू आजवर सरासरी ०.१ ने उतरला आहे. आकडा किरकोळ दिसतो, पण ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे. हायड्रोजन आयनांचे प्रमाण त्यामुळे पाव पटीहून अधिक वाढले. २००७ मध्ये जपानच्या हारुको कुरिहारा आणि सहकाऱ्यांनी पॅसिफिक कालवाची अंडी ७.४ सामूच्या पाण्यात वाढवली. ४८ तासांनी साध्या पाण्यातल्या ६८ टक्के अळ्या नीट डी आकाराला आल्या होत्या, त्या पाण्यातल्या फक्त ५ टक्के.

प्रयोगशाळेतला हा आकडा कागदावरच राहिला असता. पण त्याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगन राज्यातल्या व्हिस्की क्रीक या बीजशाळेत अळ्या पटापट मरू लागल्या. आधी जंतूंचा संशय आला, जंतू आवरले तरी मरण थांबेना. शेवटी ॲलन बार्टन, बर्क हेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष पाण्याच्या रसायनात असल्याचे २०१२ मध्ये दाखवून दिले. वाऱ्याने खोल समुद्रातले थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी किनाऱ्याला वर आणले की त्या दिवसांत बीजशाळा ओस पडे. उपाय मोठा रंजक आहे. पाणी पहाटे न घेता दुपारी घ्यायचे, कारण तोवर सागरी गवताने उन्हात बराच कार्बन डायऑक्साइड शोषून घेतलेला असतो. आणि टाकीत सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, मोजून घालायचा. पुढे जॉर्ज वॉल्डबसर यांच्या गटाने हेही स्पष्ट केले की अळीला खुपतो तो नुसता सामू नव्हे. पाणी अरागोनाइटने किती संपृक्त आहे, यावर तिचे पहिले कवच ठरते. हा भेद आपल्या खाड्यांसाठी फार मोलाचा आहे. पुराच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही पातळ होतात, त्यामुळे आम्लता न वाढताही संपृक्तता कोसळू शकते.

दिलासा देणारा धागाही आहे. ऑस्ट्रेलियात लॉरा पार्कर आणि सहकाऱ्यांनी सिडनीच्या खडककालवांना जननग्रंथी भरत असतानाच काही आठवडे जास्त कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात ठेवले. त्यांच्या अळ्या तशाच पाण्यात वाढवल्यावर इतरांपेक्षा मोठ्या निघाल्या आणि वाढल्याही वेगाने. आईने भोगलेले मुलांना काही अंशी तारते, एवढे या प्रयोगातून म्हणता येते. किती पिढ्या आणि कोणत्या किमतीत, यावर अजून काम चालू आहे.

आता आपल्या समुद्राकडे यावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सरासरी सुमारे १ अंश सेल्सिअसने तापला. त्याच संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी २०१७ मध्ये दाखवले की मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या आहेत आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे वाढते हेलकावे आहेत. अरबी समुद्रातली चक्रीवादळेही गेल्या दोन दशकांत वाढली. ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते कोकण अजून विसरलेले नाही.

शिंपल्याच्या बाजूने पाहिले तर यात केवळ उष्णतेचा प्रश्न उरत नाही. पाऊस एकूण तेवढाच पडला, पण मोजक्या दिवसांत कोसळला, तर खाडीची क्षारता हळूहळू न उतरता एका रात्रीत तळाला जाते. प्रौढ शिंपल्यापाशी त्यावर तोड असते: तो झडपा मिटून घेतो, प्राणवायूशिवायचा चयापचय सुरू करतो आणि दिवस काढतो. अळीला मिटून बसता येत नाही. मे महिन्यात वादळाने अवेळी गोडे पाणी आणले तर पावसाची खूण धरून बसलेली जात फसते; अंडी सोडते, आणि मग पाणी पुन्हा खारट होते. थंडी उबदार गेली तर शरीराचा खर्च वाढतो, साठा कमी पडतो, अंड्यातली शिदोरी लहान होते. कालवे काढणाऱ्या बायकांना हे निराळ्या वाटेने ठाऊक असते. कोणत्या दिवसांत मांस भरलेले मिळते आणि कधी नुसते पाणचट निघते, यावर त्यांची कमाई अवलंबून असते. प्रयोगशाळेत ज्याला आम्ही स्थितिनिर्देशांक म्हणतो तो याहून वेगळा नाही.

शिवाय पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात खोलातले कमी प्राणवायूचे पाणी उथळ भागात सरकते. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ही स्थिती तीव्र होत असल्याचे जगापुढे मांडले. असे पाणी कार्बन डायऑक्साइडनेही भरलेले असते. वर गोड्या पाण्याचा थर आणि खाली हे पाणी, अशा कैचीत पावसाळ्यानंतरची अळी सापडू शकते. गोड्या पाण्याचे रसायनही दिसते तितके निरुपद्रवी नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोदावरीच्या मुखाशी पावसाळी पुराच्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइडचे मोठे उत्सर्जन आढळले. पैठणहून वाहत जाणारी हीच गोदावरी. पठारावरचे शेत, गटार आणि धरण यांचा किनाऱ्यावरच्या अळीशी संबंध नाही, असे कुणी म्हणू नये.

माणसाने केलेले फेरफार हवामानाच्या खात्यावर टाकून मोकळे होण्याची एक सोयीस्कर प्रथा अलीकडे पडली आहे. तिला या पुस्तकात थारा नाही. केरळात वेंबनाडच्या तलावावर तण्णीर्मुक्कम बांध झाला, वरच्या भागात खारे पाणी येणे घटले, आणि प्रजननाला थोडे तरी खारे पाणी लागणाऱ्या काळ्या शिंपल्यांना त्याची झळ बसली. आपल्याकडे कोयनेचे वीज करून सोडलेले पाणी वर्षभर वाशिष्ठीत उतरते. दाभोळच्या खाडीतला क्षारतेचा हिशेब म्हणून केवळ पावसावर मांडता येत नाही. आणि २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारखी घटना त्या हिशेबात आणखी निराळी भर घालते.

हा विषय आताच मराठीत का आणायचा? एक कारण पोटाचे आहे. सिंधुदुर्गात कांदळवन प्रतिष्ठानाच्या पाठबळाने महिलांचे बचतगट कालवे आणि शिनाणे पाळू लागले आहेत. या व्यवसायाचे बी बहुतांशी निसर्गातून येते. बी बसले नाही तर दोर रिकामे राहतात, आणि का बसले नाही हे सांगणारे कुणी जवळ नसते. दुसरे कारण कायद्याचे. पावसाळ्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, पण ओहोटीला हाताने शिंपले वेचणे त्यात येत नाही. शिंपल्यांना विश्रांती द्यायची तर ती कोणत्या महिन्यात, हे जातीजातीवर अवलंबून आहे आणि मुहूर्त सरकत असेल तर तारीखही सरकली पाहिजे. केरळच्या अष्टमुडी तलावातल्या शिंपले-मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचे भारतातले पहिले एमएससी (मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल) प्रमाणपत्र मिळाले. प्रजननाच्या काळातली बंदी आणि लहान शिंपल्यांना अभय हे तिथल्या शिस्तीचे भाग आहेत. कोकणातल्या एखाद्या खाडीला तसे करायचे झाले तर हाताशी काय आहे? पुन्हा तेच पन्नास वर्षांपूर्वीचे निबंध.

त्या निबंधांवर डोळे मिटून विसंबता येणार नाही. बहुतेक निरीक्षणे एक-दोन वर्षांची आहेत, आणि एका चांगल्या किंवा वाईट पावसाळ्याने चित्र बदलते. सामूची त्या काळची मोजमापे ०.१ चा फरक पकडण्याइतकी बारीक नसत. आम्लतेच्या तुलनेसाठी ती वापरणे चूक ठरेल. पण तापमान, क्षारता आणि जननग्रंथीच्या छेदांवरून ठरवलेल्या अवस्था आजही तुलनेला योग्य आहेत. त्याच खाडीत, त्याच जातींवर, तीच पद्धत वापरून तेच काम पुन्हा करावे, एवढी साधी मागणी या संग्रहातल्या लेखांतून वारंवार डोकावते. नव्या निधीला अशा पुनरावृत्तीत काही आकर्षण वाटत नाही, हे ठाऊक असूनही.

आमच्या विभागांची एक सवयही इथे नोंदवतो. मराठवाड्यात शिंपल्यांवरचा अभ्यास पुढे मोठ्या प्रमाणात विषपरीक्षेकडे वळला. पैठणजवळच्या गोदावरीतले गोड्या पाण्याचे शिंपले आणायचे, कीटकनाशक किंवा जड धातू पाण्यात घालायचा आणि ९६ तासांत निम्मे प्राणी मारणारी मात्रा काढायची. त्या कामाची गरज होती. पण त्याचे इतके प्रबंध झाले की मरणाचा आकडा पाठ झाला आणि जन्माचा प्रश्न मागे पडला. वास्तविक लॅमेलिडेन्ससारखा नदीतला शिंपला जन्माच्या बाबतीत समुद्रातल्यापेक्षा गुंतागुंतीचा. मादी भ्रूण आपल्या कल्ल्यांत सांभाळते, बाहेर पडलेली अळी माशाच्या अंगाला चिकटते आणि काही काळ परजीवी म्हणून जगून मग तळाशी उतरते. नदी आटली, मासे बदलले, धरणाने प्रवाह थांबला की ही साखळी कुठेही तुटू शकते. म्हणून समुद्राच्या या पुस्तकात गोदावरीचा एक भाग मुद्दाम ठेवला आहे. किनाऱ्याच्या वाचकाने तो वगळू नये.

मांडणीविषयी थोडे. लेख कालक्रमाने लावलेले नाहीत. अंड्यापासून बीपर्यंतच्या प्रवासाबरोबर वाचक पुढे जाईल आणि त्या त्या टप्प्यावर तापमान, क्षारता, प्राणवायू व आम्लता यांचा विचार येईल, असा क्रम धरला आहे. जुन्या निबंधांतली शास्त्रीय नावे पुष्कळ बदलली आहेत. काळबादेवीचा कॅटेलिसिया ओपिमा आता मार्सिया ओपिमा झाला, मायटिलस विरिडिसचा पर्ना विरिडिस झाला. जुने साहित्य शोधणाऱ्याची वाट चुकू नये म्हणून दोन्ही नावे दिली आहेत.

लेखकांत एकमत नाही, आणि संपादनात ते घडवून आणण्याचा प्रयत्न केलेला नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की कोकणातल्या खाडीचे शिंपले दरवर्षी जुलैत जे भोगतात ते ओरेगनच्या कालवाने स्वप्नातही पाहिले नसेल. हजारो पिढ्या पुराने गाळून निघालेल्या या जातींना सामूतला थोडा फरक जड जाणार नाही. दुसरा पक्ष म्हणतो, या जाती आधीच सहनशक्तीच्या काठावर जगत आहेत, वरून आणखी एक भार पडला तर त्यांना सरकायला जागाच नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण पहिल्या पक्षाचे सारे पुरावे प्रौढ शिंपल्यांचे आहेत. काळबादेवीची अळी पहिले दोन दिवस जुलैतल्या, ऑक्टोबरातल्या आणि मेमधल्या पाण्यात, संपृक्तता मोजून, शेजारी शेजारी वाढवून पाहिली की हा वाद बराच पुढे सरकेल. त्यासाठी लागणारी उपकरणे रत्नागिरीत बसतील एवढीच आहेत, आणि तुलनेचे जुने आकडे इथे आहेत.